घटक ४ : नाव ठेवणे आणि नावे ठेवणे – तांबड्या केसांची हेटाळणी : एक अभ्यास

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील.

• शब्दशक्तींच्या परिचित संकल्पना शाळेतील चिडवण्याच्या भाषेला लावून पाहता येतील.
• इंग्रजीभाषक समाजांत तांबड्या केसांच्या मुलांना मिळणाऱ्या वागणुकीचे स्वरूप व तिची पार्श्वभूमी सांगता येईल.
• ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीतील संबंधित प्रसंगांचे विश्लेषण करता येईल.
• थट्टा आणि छळ यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• मराठीतील रूपवाचक हाकांचे व्याकरण व त्यांचा सामाजिक आशय यांचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्तींचा परिचय करून घेतला. तेथील उदाहरणे बहुतांशी काव्यातील होती. त्यामुळे शब्दशक्ती ही केवळ कवितेच्या रसग्रहणासाठी लागणारी गोष्ट आहे, असा समज होण्याचा संभव असतो. वस्तुतः रोजच्या बोलण्यातही याच शक्ती काम करीत असतात, आणि कधी कधी त्यांचा परिणाम एखाद्या कवितेपेक्षा अधिक काळ टिकतो.

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. बारशाच्या दिवशी मुलाचे नाव ठेवतात; पुढे शाळेत त्याला नावे ठेवतात. पहिल्यात ओळख देण्याची क्रिया आहे, दुसऱ्यात दोष काढण्याची. केवळ वचनभेदाने अर्थ उलटा व्हावा, ही भाषेची गंमत खरी. परंतु शाळेच्या आवारात या दोन क्रिया अनेकदा एकच होऊन बसतात. दोष काढता काढता नवे नाव ठेवले जाते आणि बारशाचे नाव मागे पडते.

ही प्रक्रिया तपासण्यासाठी आपण आपल्या परिसरापासून दूरचे एक उदाहरण घेणार आहोत : ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत तांबड्या केसांच्या मुलांची होणारी हेटाळणी. दूरचे उदाहरण घेण्यामागे हेतू आहे. जवळच्या शब्दांना आपले कान सरावलेले असतात, त्यामुळे त्यांतील बोच आपल्याला जाणवत नाही. केसांच्या तांबड्या रंगात हसण्यासारखे काय आहे, असा प्रश्न मात्र आपल्याला सहज पडतो. तो प्रश्न घेऊनच परत आपल्या शब्दांकडे यायचे आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ रंगामागील कारण

केसांना रंग देणारे मेलॅनिन हे द्रव्य मुख्यतः दोन प्रकारचे असते. युमेलॅनिनमुळे काळा व तपकिरी रंग येतो, फिओमेलॅनिनमुळे तांबूस-पिवळा. यांपैकी कोणते द्रव्य अधिक तयार व्हावे, यावर सोळाव्या गुणसूत्रावरील ‘एमसीवनआर’ या जनुकाचा मोठा प्रभाव असतो. या जनुकाच्या विशिष्ट रूपांचा तांबड्या केसांशी असलेला संबंध १९९५ साली प्रकाशित झालेल्या संशोधनातून पुढे आला. सामान्यतः आई व वडील या दोघांकडूनही असे रूप आले, तरच मूल तांबड्या केसांचे होते. म्हणून काळ्या वा तपकिरी केसांच्या दांपत्याच्या घरीही तांबड्या केसांचे मूल जन्माला येऊ शकते.

जगाच्या लोकसंख्येत असे लोक अंदाजे एक ते दोन टक्के असावेत. स्कॉटलंड व आयर्लंड येथे हे प्रमाण बरेच अधिक, म्हणजे ढोबळमानाने दहांत एकाच्या आसपास सांगितले जाते. याचा अर्थ असा की, तीस-चाळीस मुलांच्या वर्गात तेथे अशी तीन-चार मुले असू शकतात. इंग्लंडमधील बहुतेक वर्गांत एखादेच, किंवा एकही नाही. चिडवण्यासाठी हा संख्येचा मेळ सोयीचा ठरतो. वेगळेपण लांबूनही दिसते, ते लपवता येत नाही, आणि ते असणारे मूल एकटे असते.

४.२.2 जुने पूर्वग्रह

तांबड्या केसांविषयीची अढी शाळांनी निर्माण केलेली नाही. ती युरोपीय संस्कृतीत जुनी आहे. येशूचा विश्वासघात करणारा शिष्य ज्यूडास हा अनेक युरोपीय चित्रांत तांबड्या केसांचा रंगवलेला आढळतो. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या नाटकातही ज्यूडासच्या केसांच्या रंगाचा सूचक उल्लेख आहे. म्हणजे तांबडे केस पाहताच कपटीपणा आठवावा, असा संकेत त्या काळच्या प्रेक्षकांना परिचित होता. गंमत अशी की, ज्या राणीच्या राजवटीत शेक्सपिअरच्या नाट्यलेखनाला बहर आला, ती पहिली एलिझाबेथ स्वतः तांबड्या केसांची होती. राजमुकुटाखालचे तांबडे केस शोभेचे आणि इतरांचे संशयास्पद, अशी ही विभागणी होती.

पुढील काळात केसांचा रंग आणि सामाजिक स्थान यांचीही सांगड घातली गेली. जे. के. रोलिंग यांच्या ‘हॅरी पॉटर’ मालिकेच्या पहिल्या पुस्तकात (१९९७) रॉन वीझ्ली या मुलाला श्रीमंत घरातला ड्रेको मॅल्फॉय पहिल्याच भेटीत हिणवतो. तांबडे केस, चेहऱ्यावरील वांगासारखे ठिपके आणि परवडणार नाहीत इतकी भावंडे, यांवरून त्याने रॉनचे घराणे ओळखलेले असते. केसांचा रंग येथे गरिबीची खूण म्हणून वापरला गेला आहे.

आपल्या परंपरेतही याला समांतर असे उदाहरण सापडते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहास वर्ज्य मानलेल्या कन्यांमध्ये ‘कपिला’ कन्येचा समावेश आहे. टीकाकारांनी त्याचा अर्थ पिंगट केसांची असा घेतला आहे. दुसरीकडे कपिला गाय मात्र पवित्र मानली जाते. एकच विशेषण गाईला लागले की पूज्य, मुलीला लागले की त्याज्य. यावरून रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो, तो समाज त्याला देतो, हे स्पष्ट होते.

आपली प्रगती तपासा – १
(अ) तांबड्या केसांचा रंग कोणत्या द्रव्यामुळे येतो?
(आ) ‘कपिला’ या विशेषणाच्या उदाहरणावरून कोणता निष्कर्ष निघतो?

४.२.३ ‘जिंजर’ : तीन शब्दशक्ती

ब्रिटनमध्ये तांबड्या केसांच्या मुलासाठी वापरला जाणारा सर्वांत परिचित शब्द ‘जिंजर’ हा होय. त्याचा वाच्यार्थ ‘आले’. अभिधेच्या पातळीवर शब्द येथेच थांबतो.

आल्यावरून तो एका रंगाला आणि त्या रंगाच्या केसांना लागू झाला. पुढे केसांवरून तो केस असणाऱ्या माणसाला चिकटला. ही लक्षणा होय. साहित्यशास्त्रातील ‘भाले आत शिरतात’ हे प्रसिद्ध उदाहरण आपणांस आठवत असेल. तेथे भाले म्हणजे भाले धारण करणारे पुरुष. त्याचप्रमाणे ‘जिंजर आला’ म्हणजे जिंजर रंगाचे केस असलेला मुलगा आला. फरक एवढाच की भालाईत संध्याकाळी भाला खाली ठेवू शकतो.

लक्षणेचा आणखी एक प्रकार येथे पाहण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियात तांबड्या केसांच्या माणसाला ‘ब्लूई’, म्हणजे ‘निळ्या’, असे म्हणण्याची जुनी रीत आहे. ही विपरीत लक्षणा झाली. त्यात बहुधा सलगी असते. त्याच देशात ‘रंगा’ हा दुसरा शब्दही रूढ आहे. मराठी कानाला तो पांडुरंगाचे लाडके रूप वाटेल. परंतु तो ‘ओरँगउटान’ या तांबूस केसांच्या वानराच्या नावावरून तयार झालेला आहे आणि शाळेत तो हिणवण्यासाठी वापरला जातो. बोच शब्दाच्या नादात नसते, याचा याहून चांगला पुरावा शोधावा लागणार नाही.

मग ती कोठे असते? ती व्यंजनेत असते. ‘जिंजर’ या हाकेतून ‘तू आमच्यापैकी नाहीस’, ‘तुझ्याकडे पाहून हसण्याचा आम्हांला अधिकार आहे’ असे अर्थ सूचित होतात. यांपैकी एकही अर्थ उच्चारलेला नसल्यामुळे तक्रार आली की बोलणाऱ्याला अभिधेचा आश्रय घेता येतो : “मी काय खोटे बोललो? त्याचे केस तसेच आहेत.” वाच्यार्थ खरा असतो, म्हणूनच तो ढालीसारखा वापरता येतो.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त आर्थी व्यंजनेला कारण होणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत वक्ता, बोद्धव्य (ज्याला उद्देशून बोलले जाते तो), काकू (आवाजाची ढब), अन्यसंनिधी (इतरांची उपस्थिती), प्रस्ताव (प्रसंग), देश आणि काल यांचा समावेश होतो. चिडवण्याच्या भाषेचा विचार करताना ही यादी अतिशय उपयोगी पडते. तोच ‘जिंजर’ शब्द आजीने नातवाला जवळ घेऊन उच्चारला तर बोचत नाही, कारण वक्ता व काकू बदलतात. मधल्या सुट्टीत दहा मुलांच्या घोळक्यात उच्चारला तर बोचतो. येथे अन्यसंनिधी हे कारण सर्वांत प्रबळ असते. चिडवणारा एकाशी बोलतो, परंतु ऐकवतो सर्वांना. हसणारे कोणी नसतील तर बहुतेक वेळा हाकही मारली जात नाही.

४.२.४ एक साहित्यिक उदाहरण : ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’

कॅनडातील लेखिका ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांची ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’ ही कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. प्रिन्स एडवर्ड बेटावरील अ‍ॅव्हनली या खेड्यात मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट ही प्रौढ, अविवाहित भावंडे राहतात. शेतीच्या कामाला मदत व्हावी म्हणून त्यांनी अनाथाश्रमातून मुलगा मागवलेला असतो. चुकीने येते अकरा वर्षांची अ‍ॅन. ती बोलकी, कल्पक आणि तांबड्या केसांची आहे. आपल्या केसांचे तिला आधीपासूनच दुःख आहे.

शेजारीण रेचल लिंड पहिल्याच भेटीत अ‍ॅनच्या रूपाची उणीदुणी काढते आणि तिच्या केसांना गाजराची उपमा देते. अ‍ॅन संतापून तिला उलट बोलते. मरिला अ‍ॅनला माफी मागायला लावते. पण त्याच वेळी तिला स्वतःचे बालपण आठवते. ती काळीसावळी आणि दिसायला साधारण आहे, याबद्दल एका नातेवाईक स्त्रीने हळहळ व्यक्त केलेली तिने लहानपणी ऐकली होती. त्या शब्दांचा डंख पन्नाशीपर्यंत गेला नव्हता, असे लेखिका नोंदवते. एकीला तांबड्या केसांवरून, दुसरीला सावळ्या वर्णावरून बोलणी बसली. वेदना मात्र मरिलाने ओळखली. त्या घरात अ‍ॅनविषयी आपलेपणा वाढण्याच्या वाटेवरील हा महत्त्वाचा टप्पा आहे.

शाळेतील प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. गिल्बर्ट ब्लाइथ हा वर्गातील हुशार आणि मुलींमध्ये प्रिय असलेला मुलगा. अ‍ॅनने आपल्याकडे पाहावे म्हणून तो खटपट करतो. ती खिडकीबाहेर पाहण्यात दंग असते. तेव्हा तो तिची लांब वेणी हातात धरतो आणि सर्वांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत तिला ‘गाजर’ म्हणतो. अ‍ॅन उठते आणि हातातील पाटी त्याच्या डोक्यावर आपटते. पाटी फुटते.

यापुढील तपशील अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मास्तर फिलिप्स तेथे येतात. चूक माझी होती, मी तिला चिडवले, असे गिल्बर्ट स्वतः सांगतो. मास्तर तिकडे लक्ष देत नाहीत. ते फक्त अ‍ॅनला शिक्षा करतात : तिला उरलेली दुपारभर फळ्यासमोर उभे करतात आणि तिच्या डोक्यावर, फळ्यावर, तिच्या तापट स्वभावाविषयी वाक्य लिहितात. त्या वाक्यात तिच्या नावाचे वर्णलेखनही चुकते. आपल्या नावाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर असलेच पाहिजे, असा अ‍ॅनचा आग्रह असतो. मास्तर नेमके तेच गाळतात. एका मुलाने तिला नाव ठेवले आणि शिक्षकाने तिचे खरे नाव बिघडवले.

दुसऱ्याच दिवशी मास्तर अनेक मुले उशिरा आलेली असताना एकट्या अ‍ॅनला शिक्षा करतात आणि तिला गिल्बर्टशेजारी बसायला लावतात. त्या दिवशी ती पुस्तके आवरून घरी येते आणि शाळेत जाणार नाही असे सांगते. मरिला तिला सक्ती करीत नाही. पुढे काही काळाने अ‍ॅन आपणहून शाळेत परतते. परंतु मधल्या काळात एक अत्यंत हुशार मुलगी शाळेबाहेर राहिलेली असते. तिची शाळा सुटली ती केवळ एका शब्दामुळे नव्हे. शब्द मुलाचा होता; त्यावर अन्यायाची मोहोर शिक्षकाने उठवली.

कादंबरीत याच सूत्राचा आणखी एक प्रसंग येतो. केस काळेभोर होतील या आशेने अ‍ॅन फेरीवाल्याकडून कलप विकत घेते. केस हिरवे होतात आणि ते कापण्यावाचून इलाज राहत नाही. प्रसंग विनोदी आहे. परंतु आपले शरीर दुरुस्त करण्याची गरज लहान मुलीला का वाटावी, हा प्रश्न त्याखाली आहे. गिल्बर्ट त्याच वेळी पश्चात्ताप व्यक्त करतो, पुढे तिला पाण्यातून वाचवतो. तरीही ती त्याला वर्षानुवर्षे क्षमा करीत नाही. शेवटी तिला घराजवळ राहता यावे म्हणून तो गावच्या शाळेतील आपली जागा तिच्यासाठी सोडतो, तेव्हा दोघांची मैत्री होते.

आपली प्रगती तपासा – २
(अ) ‘ब्लूई’ हा शब्द कोणत्या प्रकारच्या लक्षणेचे उदाहरण आहे?
(आ) मास्तर फिलिप्स यांच्या वागण्यातील दोन अन्याय सांगा.

४.२.५ थट्टा कोठे संपते?

मराठीत या क्षेत्रासाठी शब्दांची मोठी श्रेणी आहे : खोडी, चेष्टा, थट्टा, टिंगल, टर, टोमणा, हिणवणे, हेटाळणी, छळ. यांतील प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आहे. थट्टेत दोघे हसू शकतात. टिंगलीत एकाला वगळून बाकीचे हसतात. हेटाळणीत हसणे गौण आणि कमी लेखणे मुख्य असते. ‘मस्करीची कुस्करी होणे’ हा वाक्प्रचार याच श्रेणीवरून नकळत होणाऱ्या घसरणीची नोंद करतो.

शास्त्रीय पातळीवर या विषयाचा पाया १९७०च्या दशकात डॅन ओल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाने स्कँडिनेव्हियातील शाळांच्या अभ्यासातून घातला. शालेय छळाची तीन लक्षणे त्याच्या मांडणीत येतात : दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील विषमता. ही व्याख्या आज जगभर वापरली जाते. ती ‘गाजर’ प्रसंगाला लावून पाहू. गिल्बर्टचा हेतू दुखावण्याचा नव्हता, लक्ष वेधण्याचा होता. त्याने तो शब्द एकदाच उच्चारला. म्हणजे व्याख्येनुसार हा छळ ठरणार नाही. मग अ‍ॅनचा संताप अवाजवी मानायचा का?

येथे भाषेच्या अभ्यासकाने एक भर घातली पाहिजे. पुनरावृत्ती कोणाच्या बाजूने मोजायची? गिल्बर्टने तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला होता. अ‍ॅनच्या कानांवर तशा अर्थाचे शब्द पूर्वीही पडले होते, आणि अ‍ॅव्हनलीत आल्या आल्या रेचलबाईंनी गाजराचीच उपमा दिली होती. शाळेच्या आवारात वीस मुले प्रत्येकी एकदा ‘जिंजर’ म्हणतात. प्रत्येकाच्या लेखी ती एकदाच केलेली थट्टा असते. ऐकणाऱ्याच्या लेखी ती विसावी हाक असते. “मी एकदाच म्हणालो” हे वीसही जणांचे म्हणणे खरे असते आणि तरीही एक मूल रोज छळले जाते. म्हणून चिडवण्याच्या भाषेचे मोजमाप वक्त्याच्या बाजूने करून भागत नाही, ते बोद्धव्याच्या बाजूने करावे लागते.

हे केवळ कादंबरीपुरते नाही. नोव्हेंबर २००८मध्ये तांबड्या केसांच्या मुलांना लाथ मारण्याचा ‘दिवस’ पाळण्याचे आवाहन समाजमाध्यमावरून पसरले आणि कॅनडातील काही शाळांत मुलांना खरोखर मारहाण झाली. एका व्यंगचित्रमालिकेतील उपहासाचा संदर्भ त्यामागे होता. उपहास पूर्वग्रहाचा होता. मुलांनी त्यातून पूर्वग्रहच उचलला. प्रसिद्ध ब्रिटिश गायक एड शीरन यांनीही आपल्या केसांमुळे शाळेत सोसाव्या लागलेल्या त्रासाविषयी जाहीरपणे सांगितले आहे.

ब्रिटनच्या २०१०च्या समता कायद्यात वय, अपंगत्व, वंश, धर्म, लिंग इत्यादी नऊ संरक्षित वैशिष्ट्ये नमूद आहेत. केसांचा रंग त्यांत नाही. मात्र इंग्लंडमधील २००६च्या शिक्षणविषयक कायद्यानुसार विद्यार्थ्यांमधील सर्व प्रकारच्या छळाला आळा घालण्याचे उपाय ठरवणे हे मुख्याध्यापकांचे कर्तव्य आहे. त्यामुळे ‘हे यादीत नाही’ असे म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत. भारतात २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ बालकाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करते. मास्तर फिलिप्स यांचे वर्तन आज आपल्याकडील शाळेत घडले असते, तर ते या कलमाच्या कक्षेत आले असते.

४.२.६ आपल्या भाषेकडे

आता मराठीकडे वळू. ‘काळा मुलगा’ या पदबंधात ‘काळा’ हे विशेषण आहे. ते मुलाविषयी अनेकांतली एक गोष्ट सांगते. त्यावरून ‘ए काळ्या’ ही हाक तयार होते. येथे ‘मुलगा’ गळला आणि विशेषण संबोधन झाले. पुढची पायरी अशी की, हाकेचे रूप प्रथमेतही वापरले जाते : ‘काळ्या आला’, ‘काळ्याला विचार’. ‘काळा आला’ असे आपण म्हणत नाही. संबोधन आता विशेषनाम झाले आहे. जाडा–जाड्या, बुटका–बुटक्या, टकला–टकल्या, घारा–घाऱ्या ही सर्व रूपे याच वाटेने जातात. इंग्रजीतही ‘जिंजर केसांचा मुलगा’ या वर्णनातून ‘मुलगा’ गळतो आणि ‘एक जिंजर’ उरतो. दोन्ही भाषांचे व्याकरण वेगळे असले तरी त्यांत गळणारा शब्द एकच आहे, हे लक्षात घ्यावे.

याउलट, वारकरी संतांच्या वाणीत विठ्ठलाला उद्देशून ‘काळा’, ‘सावळा’ ही विशेषणे अपार प्रेमाने येतात. शब्द तोच, वक्ता, काकू आणि प्रस्ताव बदलल्यामुळे व्यंग्यार्थ भक्तीचा होतो. त्याच घरात मुलीच्या सावळ्या वर्णाची चिंता केली जाते, ही विसंगती आपण सर्वांनी पाहिलेली आहे.

तथापि तुलनेला मर्यादा असतात. तांबड्या केसांवरून होणारी हेटाळणी सहसा शाळा संपता संपता विरळ होते. त्या रंगामुळे घर वा पाणी नाकारले जात नाही. जात, वंश किंवा वर्ण यांवरून येणाऱ्या नावांमागे संपूर्ण समाजरचनेचे बळ उभे असते. दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. समान आहे ती भाषेची प्रक्रिया : माणसाचे अनेक गुण पुसून एकच उरवणे.

हेटाळणीला उत्तर देण्याचे मार्गही भाषेतच आहेत. नेदरलँड्समध्ये २००५पासून तांबड्या केसांच्या लोकांचा मेळावा भरतो. आयर्लंडमधील क्रॉसहेवन या गावातही २०१०पासून असा मेळावा भरू लागला. वर्गात एकटे असणारे मूल तेथे हजारोंमध्ये मिसळते. अन्यसंनिधी बदलली की त्याच शब्दाचा व्यंग्यार्थ बदलतो. परंतु प्रत्येक मुलाला मेळाव्याला जाणे शक्य नसते. वर्गात बसलेले तिसरे मूल, म्हणजे न चिडवणारे व न चिडवले गेलेले, न हसता खऱ्या नावाने हाक मारू शकते. शिक्षक हजेरी घेताना नाव नीट उच्चारू शकतो. हे उपाय लहान दिसतात. परंतु व्यंजनेची कारणे ज्यांच्या हाती आहेत, त्यांनाच ते करता येतात.

आपल्यापैकी अनेकजण आज पालक, शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा शिकवणीचालक आहेत. काहींचे स्वतःचे शिक्षण मध्येच थांबले होते आणि त्यांनी ते या विद्यापीठात पुन्हा सुरू केले आहे. त्या थांबण्यामागे गरिबी, लग्न, नोकरी ही कारणे असतील. क्वचित एखादी हाकही असेल. या घटकाचा अभ्यास करताना ती आठवली तर तिला अभ्याससामग्री मानण्यास संकोच करू नये.

४.३ सारांश

तांबड्या केसांचा रंग जनुकीय कारणांनी येतो. त्याला जोडलेला कमीपणा समाजाने दिलेला असतो. ‘जिंजर’ या शब्दाचा वाच्यार्थ निरुपद्रवी आहे, लक्षणेने तो माणसाला लागतो आणि व्यंजनेने दुखावतो. व्यंजनेच्या कारणांपैकी वक्ता, काकू व अन्यसंनिधी ही चिडवण्यात विशेष प्रभावी ठरतात. ‘अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स’मध्ये चिडवणाऱ्याने चूक कबूल करूनही शिक्षा चिडवली गेलेल्या मुलीलाच होते आणि काही काळ तिची शाळा सुटते. छळातील पुनरावृत्ती ऐकणाऱ्याच्या बाजूने मोजली पाहिजे. मराठीतही विशेषणाचे संबोधन आणि संबोधनाचे विशेषनाम होण्याची प्रक्रिया आढळते.

४.४ पारिभाषिक शब्द

बोद्धव्य : ज्याला उद्देशून वाक्य उच्चारले जाते ती व्यक्ती.
काकू : भावनेनुसार होणारा आवाजातील बदल.
अन्यसंनिधी : बोलणे चालू असताना तिसऱ्या व्यक्तीची उपस्थिती.
विपरीत लक्षणा : वाच्यार्थाच्या उलट अर्थ घ्यावा लागणारी लक्षणा.

४.५ ‘आपली प्रगती तपासा’ची उत्तरे

१. (अ) फिओमेलॅनिन. (आ) रंगाला स्वतःचा अर्थ नसतो. समाज प्रसंगानुसार त्याला मान किंवा कमीपणा जोडतो.
२. (अ) विपरीत लक्षणा. (आ) गिल्बर्टने चूक कबूल करूनही फक्त अ‍ॅनला शिक्षा केली. अनेक मुले उशिरा आली असता तिला एकटीलाच गिल्बर्टशेजारी बसवले.

४.६ स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. ‘जिंजर’ या शब्दाच्या आधारे तीन शब्दशक्तींचे कार्य स्पष्ट करा.
२. ‘छळातील पुनरावृत्ती बोद्धव्याच्या बाजूने मोजली पाहिजे’ या विधानाची चर्चा करा.

(आ) टिपा लिहा
१. मरिलाची आठवण
२. विशेषणापासून विशेषनामापर्यंत
३. तांबड्या केसांची हेटाळणी व जातिवाचक हेटाळणी : तुलनेची मर्यादा

(इ) उपक्रम
आपल्या शालेय जीवनात ऐकलेल्या पाच रूपवाचक हाका लिहून काढा. प्रत्येकीसमोर मूळ विशेषण, हाक मारणारा, आवाजाची ढब आणि त्या वेळी उपस्थित असलेले लोक यांची नोंद करा. ज्या मुलाला ती हाक मारली जात असे, त्याचे हजेरीपटावरील नाव आपणांस आठवते का, तेही शेवटच्या रकान्यात लिहा. नोंदी संपर्कसत्रात चर्चेसाठी आणताना मात्र तो रकाना झाकून ठेवा.